मेबाईंचा ब्रेक्झिट आणि तुमचे स्विंडनचे पत्र

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील कंपनी तुम्हाला जुलैमध्ये तीन वर्षांसाठी इंग्लंडमधल्या स्विंडनला पाठवणार आहे, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत. इथल्या ज्या दोन सहकाऱ्यांशी तुमचे बोलणे झाले, त्यांतला एक म्हणतो की पंतप्रधान थेरेसा मे यांनी देशाचे वाटोळे केले, तर दुसरी म्हणते की त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर केव्हाच पळ काढून मोकळा झाला असता. यांपैकी खरे कोणाचे मानायचे, आणि हा गोंधळ निवळेपर्यंत थांबायचे की यायचे, असे तुम्ही विचारले आहे. मी २००९ मध्ये तुमच्यासारखाच कंपनीतर्फे आलो आणि स्विंडनमध्येच स्थायिक झालो. पासपोर्ट अजून भारताचाच आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. हे एप्रिल २०१९ च्या मध्यावरचे चित्र आहे, एवढे ध्यानात ठेवावे, कारण इथे सध्या आठवड्याआठवड्याला पट बदलतो.

मेबाईंवर चिडलेली माणसे एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध कारणांसाठी चिडलेली आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवे. जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मते युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, म्हणजे ब्रेक्झिटच्या, बाजूने पडली, पण बाहेर पडून कुठे जायचे, हे मतपत्रिकेत विचारलेलेच नव्हते. नॉर्वेप्रमाणे युरोपच्या सामाईक, म्हणजे एकल बाजारपेठेत राहायचे, निदान सीमाशुल्क संघ (आपसात जकात नाही, बाहेरच्यांना सर्वांची सारखी जकात) तरी धरून ठेवायचा, की सगळेच पाश तोडायचे, अशा तिन्ही मतांचे खासदार संसदेत आहेत, आणि मुळात बाहेर पडूच नये म्हणणारेही कमी नाहीत. मेबाईंनी नोव्हेंबरमध्ये ब्रसेल्सहून, म्हणजे युरोपीय संघाकडून, आणलेला करार यांपैकी कोणालाच पुरता रुचला नाही. १५ जानेवारीला तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. आधुनिक काळात इथल्या कोणत्याही सरकारचा सभागृहात एवढा दणदणीत पराभव झालेला नाही. १२ मार्चला तोच करार ३९१ विरुद्ध २४२ मतांनी पडला आणि २९ मार्चला, म्हणजे ज्या दिवशी देश बाहेर पडायचा होता त्याच दिवशी, ३४४ विरुद्ध २८६ मतांनी. मात्र त्यांना हरवणाऱ्या खासदारांनाही दुसरा मार्ग सापडलेला नाही. २७ मार्चला त्यांनी आठ पर्याय मतास टाकले आणि आठही पाडले. १ एप्रिलला सीमाशुल्क संघाचा ठराव अवघ्या तीन मतांनी हुकला. आता ब्रसेल्सने ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवून दिली आहे.

जानेवारीतल्या पराभवानंतरच्या सकाळी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एकाच टेबलाभोवती जे ऐकले, ते तुमच्या दोन सहकाऱ्यांचेच विस्तारित रूप होते. निवृत्तीला आलेले एक गृहस्थ, कट्टर ब्रेक्झिटवाले, म्हणाले की या बाईने सार्वमतात स्वतः राहण्याच्या बाजूने मत दिले होते, तेव्हा बाहेर पडण्याची वाटाघाट ती मनापासून करणार तरी कशी? समोरची स्कॉटिश मुलगी म्हणाली की देश जवळजवळ निम्मा निम्मा विभागलेला असताना हिने जिंकलेल्यांतल्याही सर्वांत कडव्या गटाची भाषा उचलली आणि आमच्या अठ्ठेचाळीस टक्क्यांना जमेतच धरले नाही. तिसऱ्या बाई चहात दूध ओतत शांतपणे म्हणाल्या, ‘मला तिचे काहीच पटत नाही, पण निदान ती रोज उभी राहून बोलणी खाते, ज्यांनी हा खेळ मांडला ते कुठे आहेत?’ कोणाचाही आवाज चढला नाही. इथली भांडणे अशीच खालच्या पट्टीत चालतात आणि नवख्याला ती भांडणे आहेत हे कळतच नाही. तिसऱ्या बाईंच्या टोल्यात तथ्य होते. सार्वमत घेणारे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून निकालाच्याच दिवशी राजीनामा जाहीर करून बाजूला झाले. डेव्हिड डेव्हिस आणि डॉमिनिक राब हे दोन ब्रेक्झिटमंत्री आपल्याच सरकारच्या ब्रेक्झिट-धोरणावर रागावून पाठोपाठ बाहेर पडले. बोरिस जॉन्सन यांनीही जुलैमध्ये परराष्ट्रमंत्रिपद सोडले, दोनदा कराराविरुद्ध मत दिले आणि मेबाईंनी आपण पायउतार होऊ असे कबूल केल्यावर तिसऱ्या वेळी बाजूने दिले.

आता माझे मत. चिकाटीबद्दल मेबाईंना पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी हरकत नाही, परंतु हा पेच बऱ्याच अंशी त्यांनी स्वतःच बांधला आहे. जानेवारी २०१७ मध्ये लँकेस्टर हाउसच्या भाषणात, विरोधी पक्षांशी सल्लामसलत न करता, त्यांनी एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ दोन्ही सोडण्याचे जाहीर केले. दोन्ही सोडले की उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधल्या सीमेवर तपासणी आली, आणि १९९८ च्या शांतताकरारानंतर तिथे पुन्हा चौक्या उभारणे कोणालाच परवडणारे नाही. त्यावर उपाय म्हणून करारात जी ‘बॅकस्टॉप’ची, म्हणजे दुसरा तोडगा निघेपर्यंत ही सीमा खुली ठेवण्याच्या हमीची, तरतूद आली, तिच्यावरच त्यांच्या पक्षातले बंडखोर अडून बसले. त्यात २०१७ मध्ये गरज नसताना निवडणूक घेऊन त्यांनी हाताशी असलेले बहुमत घालवले आणि त्याच उत्तर आयर्लंडमधल्या डीयूपी या छोट्या पक्षाच्या दहा खासदारांवर अवलंबून राहण्याची वेळ स्वतःवर आणली. विरोधी पक्षनेते कॉर्बिन यांच्याशी तोडग्यासाठी खरी वाटाघाट सुरू केली ती या महिन्यात, तीन पराभवांनंतर. आणि मार्चमध्ये दूरचित्रवाणीवर येऊन सगळा दोष खासदारांवर टाकला, ज्यांची मते त्यांना पुढच्याच आठवड्यात मागायची होती.

एकल बाजारपेठ सोडण्याचा एवढा हट्ट का, याचे उत्तर तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. त्या बाजारपेठेत राहायचे तर युरोपीय नागरिकांना मुक्त संचार द्यावा लागतो, आणि मेबाईंनी सार्वमताचा कौल प्रामुख्याने स्थलांतराविरुद्धचा कौल म्हणून वाचला. पंतप्रधान होण्यापूर्वीची सहा वर्षे त्या गृहमंत्री होत्या. निव्वळ स्थलांतर वर्षाला एक लाखाच्या आत आणण्याचे उद्दिष्ट त्या खात्याने त्यांच्याच काळात डोक्यावर घेतले. ते एकदाही साधले नाही, तरी २०१७ च्या जाहीरनाम्यातही त्यांनी ते सोडले नाही. भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर दोन वर्षे नोकरीची मुभा देणारा व्हिसा २०१२ मध्ये बंद झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. कुशल कामगारांच्या टियर २ जनरल व्हिसाला वर्षाला २०,७०० ची मर्यादा घातली गेली, आणि २०१८ च्या सुरुवातीला ती महिन्यामागून महिना भरून जाऊ लागली तेव्हा इथली रुग्णालये ज्या भारतीय डॉक्टरांची वाट पाहत होती त्यांचेही अर्ज नाकारले गेले. अखेर त्या जुलैपासून डॉक्टर आणि नर्स यांना मर्यादेतून वगळावे लागले. घर भाड्याने देण्यापूर्वी भाडेकरूचा देशात राहण्याचा हक्क मालकाने तपासायचा, हा कायदाही त्यांचाच. गेल्याच महिन्यात उच्च न्यायालयाने म्हटले की त्यामुळे परकी नावाच्या आणि परकी वर्णाच्या माणसांशी भेदभाव होतो. तुम्ही घर शोधायला लागाल तेव्हा याचा अनुभव येईलच, म्हणून निवासपरवान्याचे कार्ड नेहमी जवळ बाळगा.

नोव्हेंबरमध्ये उद्योजकांच्या सभेत मेबाई म्हणाल्या की यापुढे युरोपीय नागरिकांना सिडनीचे अभियंते किंवा दिल्लीचे सॉफ्टवेअर डेव्हलपर यांच्या पुढे रांगेत घुसता येणार नाही. आपल्याकडच्या काही मंडळींना हे ऐकून गुदगुल्या झाल्या. मला त्यात आनंद मानण्यासारखे काही दिसले नाही, कारण युरोपीयांना मागे आणल्याने आपली रांग इंचभरही पुढे सरकत नाही. डिसेंबरच्या श्वेतपत्रिकेत २०२१ पासून सर्वांना एकच नियम आणि टियर २ ची मर्यादा रद्द, असे प्रस्ताव आहेत खरे, पण ते राबवायला तेव्हा कोणाचे सरकार असेल हे आज छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही.

त्या वाक्याचा दुसरा अर्थ मला माझ्याच रस्त्यावर दिसतो. स्विंडनमध्ये गोव्याची हजारो माणसे राहतात. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या आधारे पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊन, भारताचे सोडून, ती युरोपीय म्हणून इकडे आली. २०१६ च्या सार्वमतात भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या मला मत होते, कारण राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना इथे मताधिकार आहे. माझ्या गोवेकर शेजाऱ्याला नव्हते, कारण तो पोर्तुगीज. गेल्या आठवड्यात तो नव्या ‘सेटल्ड स्टेटस’च्या, म्हणजे युरोपीयांना ब्रेक्झिटनंतरही इथे राहू देणाऱ्या परवानगीच्या, अर्जासाठी माझ्याकडे आला होता. गृहखात्याचे ॲप आयफोनवर चालत नाही, म्हणून माझ्या अँड्रॉइड फोनवर आम्ही त्याचा पासपोर्ट ठेवला, चिप वाचली जाईना म्हणून तो टेबलावर इकडेतिकडे सरकवत राहिलो, मग चेहरा तपासण्यासाठी फोनच्या पडद्यावर रंगीत प्रकाश चमकत असताना तो पापणी न हलवता बसून राहिला. कारखान्यात रात्रपाळी करून बारा वर्षे कर भरणाऱ्या या माणसाला ‘रांगेत घुसणारा’ म्हणणे मला रुचले नाही. नंतर लोकसभेत, म्हणजे इथल्या कॉमन्समध्ये, मेबाईंनी ते शब्द वापरायला नको होते असे मान्य केले, हेही नोंदवायला हवे.

आता तुमचा व्हिसा. तुमची कंपनी तुम्हाला टियर २ आयसीटी, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर पाठवणार असेल, तर तुमच्या भवितव्याचा ब्रेक्झिटशी फारसा संबंध नाही. एप्रिल २०१० नंतर या व्हिसावर आलेल्यांना कायम वास्तव्य मिळत नाही, सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी परतावे लागते, आणि इथे राहून दुसऱ्या कंपनीच्या टियर २ जनरलवर जाता येत नाही. (हा नियम मेबाईंच्या नावावर टाकू नका; तो आधीच्या मजूर पक्षाच्या सरकारच्या अखेरच्या दिवसांतला आहे, आणि मी त्याच्या आदल्या वर्षी आलो म्हणून सुटलो.) टियर २ जनरल असेल तर पाच वर्षांनंतर, तेव्हाच्या पगाराच्या अटी पूर्ण केल्यास, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. दोन्हींत पत्नीला नोकरी करता येते. आरोग्य अधिभार या जानेवारीपासून दुप्पट, म्हणजे माणशी वर्षाला ४०० पाउंड झाला आहे. तिघांचे तीन वर्षांचे ३,६०० पाउंड, म्हणजे जवळपास सव्वातीन लाख रुपये, अर्जाबरोबरच भरावे लागतात. ते कंपनी भरणार की तुम्ही, हे लेखी घ्या.

ब्रेक्झिटची झळ बसलीच तर ती दोन बाजूंनी बसेल. होंडाने फेब्रुवारीत जाहीर केले की स्विंडनचा कारखाना २०२१ मध्ये बंद होणार आणि साडेतीन हजार नोकऱ्या जाणार. कंपनी म्हणते की कारण विजेवरच्या गाड्यांकडे वळणाऱ्या जागतिक बाजाराचे आहे, ब्रेक्झिटचे नाही. गावात यावरही दोन तट आहेत, आणि लक्षात असू द्या की याच गावाने सुमारे ५५ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली होती. तेव्हा तुमचा प्रकल्प कोणत्या ग्राहकाचा आहे आणि त्याचा धंदा युरोपवर किती अवलंबून आहे, हे नीट विचारून घ्या. दुसरी बाजू पाउंडाची. सार्वमताच्या दिवशी तो शंभर रुपयांच्या आसपास होता, त्या ऑक्टोबरात ऐंशीच्या घरात आला आणि आज नव्वदच्या आगेमागे आहे. पगारातून पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते फेडायचा बेत असेल तर हिशेब ऐंशीने करा.

ऑफिसात कोणाची बाजू घ्यायची, असेही तुम्ही भीतभीत विचारले आहे. पहिले सहा महिने ऐका, आणि मेबाईंबद्दल कोणी काही म्हणाले तर त्या माणसाला स्वतःला कोणता ब्रेक्झिट हवा होता ते आधी समजून घ्या. मग तुमचे दोन्ही सहकारी आपापल्या जागी बरोबर का वाटतात ते उमगेल. मतदारयादीत मात्र पत्ता मिळताच नाव घाला. भारतीय नागरिक म्हणून तुम्हा दोघांना नगरपालिकेपासून संसदेपर्यंत सगळीकडे मत आहे, आणि इथल्या संसदेची रीत पाहता निवडणूक कधीही लागू शकते. यादीत नाव असले की बँका आणि मोबाइल कंपन्याही लवकर दाद देतात.

थांबावे की यावे, याबद्दल: पत्र टियर २ जनरलचे असेल तर ३१ ऑक्टोबरची वाट न पाहता जुलैमध्ये या. आयसीटी असेल आणि इथे स्थायिक व्हायचा विचार असेल, तर निघण्याआधी कंपनीशी व्हिसाच्या प्रकाराबद्दल बोला, कारण विमानात बसल्यावर ती संधी जाते. एक गोष्ट तुमच्या सोयीची घडते आहे, आणि तीही याच सरकारच्या कायद्याने: १ जूनपासून इंग्लंडमध्ये घरभाड्याच्या एजंटांना भाडेकरूंकडून तऱ्हेतऱ्हेची फी उकळता येणार नाही, आणि साधारण घरासाठी अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येणार नाही. तुम्ही जुलैमध्ये येणार असल्यामुळे तुमचा करार नव्या नियमाखाली होईल. एजंटने तरीही ‘ॲडमिन’च्या नावाखाली पैसे मागितले, तर देऊ नका.