सरकारी कचेरीतली नोकरी सरकारी असतेच असं नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते लिहितात : 'लेक बी.कॉम. झाली, तलाठी आणि लिपिक भरतीचा अभ्यास करते. आता एका सरकारी कचेरीत डेटा एन्ट्री ऑपरेटर म्हणून एजन्सीमार्फत घेतो म्हणतात. माझा जन्म खाड्यांच्या धाकात गेला. घरी राहिलो की त्या दिवसाची मजुरी बुडाली. पोरीला रजा, बाळंतपणाची सुट्टी, पेन्शन मिळावी एवढंच वाटतं. हो म्हणावं का? आणि आषाढीला पंढरपूरला जायला तरी तिला सुट्टी मिळेल ना?'

भाऊ, नमस्कार.

'एजन्सीमार्फत' हा शब्द तुम्ही ओघात लिहून गेलात, मी मात्र तिथेच अडलो. कचेरी सरकारी असली तरी पगार एजन्सी देणार असेल, तर तुमची लेक एजन्सीची नोकर. शेजारच्या टेबलावर नियमित लिपिक बसलेला असेल, दोघांचं काम बरंचसं सारखंच असेल. फरक एवढाच की त्याचं सेवापुस्तक, म्हणजे नोकरीची सरकारी नोंदवही असते, तिची नसणार. आणि तुम्ही मागताय ते सगळं त्या पुस्तकात असतं.

त्या लिपिकाला काय मिळतं ते सांगतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे त्याच्या खात्यावर 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15 दिवस अर्जित, म्हणजे नोकरी करून कमावलेली पगारी रजा जमा होते. न वापरलेली साठत जाते, 300 दिवसांपर्यंत. निवृत्तीच्या वेळी शिल्लक असेल तेवढ्या दिवसांचा पगार रोख मिळतो, म्हणजे जास्तीत जास्त दहा महिन्यांचा. शिवाय वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा. डॉक्टरचा दाखला जोडला तर ती पूर्ण पगारावर परिवर्तित करून मिळते, पण 10 दिवस आजारी पडलात तर खात्यातून 20 दिवस वजा. किरकोळ रजा वर्षाला 8, ती 31 डिसेंबरला संपते. दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर प्रसूती रजा 180 दिवस, पूर्ण पगारी. 2018 पासून बालसंगोपन रजाही आहे, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत एकूण 180 दिवस. पोराच्या दहावी-बारावीला बायका ती हमखास काढतात.

ही रजा नुसती मिळून भागत नाही, तिची नोंदही व्हावी लागते. माझी आई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. निवृत्तीच्या वर्षी तिचं सेवापुस्तक उघडलं, तर रजेच्या हिशेबाच्या पानावर सलग सहा वर्षांचे रकाने कोरे! जुने अर्ज आणि हजेरीपट शोधून ते भरून घ्यायला आठ महिने गेले. तोवर तिचे रजेचे पैसे अडकून राहिले. लेक नियमित लागलीच, तर दरवर्षी सेवापुस्तक बघून सही करायची सवय तिला पहिल्या वर्षापासून लावा.

पेन्शनचं थोडक्यात. तुमच्या डोळ्यांसमोर शेजारच्या निवृत्त गुरुजींची पेन्शन असेल, तर ती जुनी योजना होती. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना सरसकट ती नाही. त्यांच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून 10 टक्के कापले जातात आणि सरकार 14 टक्के घालतं. पुढे किती पेन्शन मिळणार हे निवडलेल्या योजनेवर ठरतं.

आता एजन्सीची बाजू. तिथे अर्जित रजा साठवून शेवटी रोख घेणं वगैरे विसरा. नेमणुकीचा आदेश बहुतेक वेळा 11 महिन्यांचा असतो, पुढचं नूतनीकरणावर. पण हक्क अगदीच नाहीत असं नाही. भविष्य निर्वाह निधीत तिच्याकडून 12 टक्के आणि तेवढाच मालकाचा वाटा जायला हवा. पगार 21 हजारांच्या आत असेल तर राज्य कामगार विम्याचं कार्ड मिळायला हवं. त्यावर उपचार होतात आणि आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के मिळतात. बाळंतपणाला पहिल्या दोन मुलांपर्यंत कायद्याने 26 आठवडे पगारी रजा आहे, कंत्राटी बाईलासुद्धा. अडचण अशी, की नेमक्या त्याच महिन्यांत कंत्राट संपतं. असं झालेल्या दोन मुली माझ्यासमोर रडल्या आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितोय.

आणि आषाढी. रजा खात्यावर शिल्लक असणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असं नियमांतच लिहिलेलं आहे. आपल्या जिल्ह्यात महसूल, पोलीस, आरोग्य या खात्यांतल्या कुणालाही विचारा, वारीच्या दिवसांत रजेचा अर्ज द्यायचं कुणी मनातही आणत नाही. लेक तलाठी झाली तर आषाढीला पंढरपुरात असेलही, पण ड्युटीवर. दर्शन नंतर एखाद्या साध्या बुधवारी. मागावरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल, पण तिचा त्या दिवसाचा पगार बुडणार नाही, एवढा फरक आहेच.

माझं मत विचाराल तर नोकरी घेऊ द्या, पण घरात पेढे वाटू नका. घरखर्चाला हातभार आणि कचेरीचं काम जवळून बघायला मिळतं म्हणून घ्यायची, तीही अभ्यासाला रोज तीन तास उरत असतील तरच. 'आज ना उद्या कायम करतील' असं कुणी म्हणालं तर त्यावर एक दिवससुद्धा थांबू नका. भरतीला खुल्या गटात 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत वयोमर्यादा आहे, तिच्या हातात वेळ आहे. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट वेगाचं टायपिंग प्रमाणपत्र लागतं. पत्रात त्याचा उल्लेख नाही. नसेल तर एजन्सीच्या पहिल्या पगारातून आधी तो क्लास लावा.

सही करण्याआधी नेमणुकीच्या कागदावर तीन गोष्टी तिने स्वतः वाचाव्यात : मालक म्हणून कुणाचं नाव आहे, मुदत कधी संपते आणि हातात येणारा पगार किती. दोन महिन्यांनी भविष्य निर्वाह निधीचं पासबुक मोबाइलवर उघडून बघायचं. पगारातून कापलेले पैसे तिथे दिसत नसतील तर एजन्सीला तोंडी सांगत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.