बगीला पिंजरा आहे, मग पट्टा लागतोच का?

तुम्ही लिहिलंय की पुतण्याने दिंडोरीकडच्या शेतात फिरवायला बाईकच्या इंजिनवर बगी, म्हणजे छोटी उघडी गाडी, बांधलीय, वर उलटली तर वाचवायला पाईपांचा पिंजराही केलाय. पण सीटचा पट्टा नको म्हणतो, उलटली तर उडी मारता येते म्हणे. भाऊ, उलटत्या गाडीतून उडी कुणी मारत नाही. गाडीच फेकून देते, आणि मग तोच पिंजरा अंगावर येतो.

त्याच्या डोक्यात हे कुठून आलं ते कळतं. डांबरी ट्रॅकवरच्या रेसिंग कार्टला, म्हणजे शर्यतीच्या छोट्या बुटक्या गाडीला, पट्टा नसतो, पण तिला पिंजराही नसतो. ती उलटली तर चालवणारा बाजूला पडलेलाच बरा. पिंजरा चढवला की हिशोब बदलतो. आता माणूस आतच राहायला हवा, हातांसकट. गाडी कलली की हात आपोआप बाहेर जातो, त्यामुळे नुसत्या पट्ट्यावर भागत नाही. बाजूला जाळी लावा, नाहीतर हात आत धरून ठेवणारे मनगटाचे पट्टे.

नाशिकच्या अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्याकडचा कारचा पट्टा आणू नका. त्याची गुंडाळी (पट्टा आत ओढून घेणारी डबी) कारमध्ये ज्या कोनात बसलेली असते त्याच कोनात नीट लॉक होते. बगीत तिरकी बसवली की एकतर सारखी अडकते, नाहीतर ऐनवेळी सैल राहते. शिवाय ती कार ठोकलेली असेल तर पट्टा आधीच ताणला गेलाय. चार किंवा पाच पॉइंटचा हार्नेस घ्या, म्हणजे खांदे आणि कंबर दोन्ही धरणारा, चार-पाच जागी बांधलेला पट्टा. कमरेचा पट्टा कुल्ल्याच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. खांद्याचे पट्टे सीटमागच्या आडव्या पाईपला, खांद्याच्या उंचीला किंवा किंचित खाली. हे लोक हमखास चुकवतात: पट्टे थेट खाली फ्लोअरला बांधतात, आणि आदळल्यावर तेच पट्टे मणका खाली दाबतात. बोल्टसाठी पिंजऱ्याच्या पाईपला भोक पाडू नका, जाड प्लेटचा टॅब (छोटी पट्टी) वेल्ड करा. बोल्ट ८.८ ग्रेडचा.

पिंजरा घरी पडलेल्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाईपचा असेल तर मात्र तो माझ्या लेखी पिंजरा नाही, सावलीचा मांडव आहे. जस्तामुळे वेल्ड सच्छिद्र होतो, धूर छातीला वाईट तो वेगळाच. इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बांधलेल्या अशाच गाड्या बाजा स्पर्धेला नेतात, त्यांच्या नियमात मुख्य पाईप साधारण एक इंच व्यासाचा, ३ मिमी जाडीचा आणि किमान ०.१८ टक्के कार्बनच्या स्टीलचा लागतो. सातपूरला असा पाईप मिळतो, वाकवूनही देतात. मागची कमान एकाच अखंड पाईपची हवी, मध्ये जोड नको.

डोक्याजवळच्या पाईपांवर एसीच्या पाईपचा काळा फोम गुंडाळतात, तो बोटाने दाबला तरी चपटा होतो. कडक रोलबार पॅडिंगच घ्या.

पुतण्याला हेल्मेट घालून सीटवर बसवा, पट्टे आवळा आणि पिंजऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. सहा इंचांपेक्षा कमी भरलं तर सीट खाली घ्या. मागचा आडवा पाईप आणि त्याचे वेल्ड दिसतील असे फोटो टाका, मग पुढचं सांगतो.