एखाद्या संगीतकाराचा कट्टर फॅन असणं म्हणजे नक्की काय असतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचे मिस्टर ए. आर. रहमानचे कट्टर फॅन आहेत, नवीन गाणी येणार असली की रात्री बारापर्यंत जागतात, सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बसतात, आणि आता मुंबईच्या कॉन्सर्टची दोन तिकिटं काढून तुम्हालाही चल म्हणून राहिले. आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की मोबाईलवर सगळं फुकट ऐकायला मिळत असताना एवढे पैसे आणि दोन दिवस कशासाठी घालवायचे. मी नागपूरचा, मानेवाड्याला राहतो, आणि तुमच्या मिस्टरांच्याच जातकुळीतला आहे, 1997 पासून. त्यांच्या मनात काय चालतं ते मला ठाऊक नाही पण माझ्या मनात काय चालतं ते सांगतो, बरंचसं जुळेल.

1997 च्या ऑगस्टमध्ये मी सातवीत होतो. स्वातंत्र्याची 50 वर्षं म्हणून सगळीकडे झेंडे, शाळेत तालमी, आणि टीव्हीवर सारखा रहमानचा तो 'वंदे मातरम्' अल्बम. बाबांच्या मागे लागून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो, मेन रोडवर तेव्हा एक कॅसेटचं दुकान होतं, मागची भिंत खालपासून वरपर्यंत कॅसेटनी भरलेली आणि काउंटरवर एक डेक, घ्यायच्या आधी दुकानदार थोडीशी वाजवून दाखवायचा. ती कॅसेट घेऊन बाबांच्या स्कूटरवर मागे बसून आलो, खिशात नाही ठेवली, पूर्ण रस्ता हातातच धरून होतो. घरी आल्यावर आधी आतला तो घडीचा कागद उघडला. एक घडी, दुसरी घडी, बारीक अक्षरं. त्यात पाकिस्तानी कव्वाल नुसरत फतेह अली खान हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं, आणि त्याच दिवसांत, 16 ऑगस्टला ते गेले. आजोबांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की आईला कळेचना, अरे तुझी नि त्यांची ओळख कधीची. पण माझ्याकडे त्यांचा आवाज होता ना घरात. साइड उलटवून मी पुन्हा लावला.

माझं फॅन होणं तिथूनच सुरू झालं, आणि ते गाण्याइतकंच त्या घडीच्या कागदामुळे झालं असं मला आजही वाटतं. तोवर आमच्या घरी ज्या सिनेमाच्या कॅसेट होत्या त्यांच्यावर गायक, गीतकार, संगीतकार, एवढीच नावं. पुढे रहमानच्या सीडी यायला लागल्या तर त्यात बासरी कोणी वाजवली, बेस गिटार कोणाची, कोरसमध्ये कोणकोण, रेकॉर्डिंग कोणी केलं, मिक्सिंग कोणी केलं, सगळ्यांची नावं. बासरी नवीन कुमार. बेस कीथ पीटर्स. साउंड एच. श्रीधर. मी ती नावं पाठ केली होती, जशी बाकीची पोरं क्रिकेटची टीम पाठ करायची. 'बॉम्बे' सिनेमातली ती शब्द नसलेली बासरीची धून नवीन कुमारांची आहे हे कळलं त्या दिवशी मी ती दहा वेळा तरी ऐकली असेल, तीच धून पण आता त्यामागे एक माणूस श्वास घेऊन राहिला होता. आणि 2008 च्या डिसेंबरमध्ये श्रीधर गेल्याचं वाचलं तेव्हा माझ्या ओळखीत एकालाही ते नाव माहीत नव्हतं, कोणाला फोन करून सांगावं असं कोणीच नव्हतं. त्या रात्री त्यांनी रेकॉर्ड केलेली गाणी एकेक करून ऐकली. हे मी तुम्हाला का सांगून राहिलो, तर बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की फॅन म्हणजे एका स्टारच्या मागे वेडा झालेला माणूस. तसे पण असतात. पण जो खरंच कान देऊन ऐकतो त्याला एका गाण्यात वीस-पंचवीस माणसं ऐकू यायला लागतात, आणि ती सगळी त्याला आपली वाटतात.

आता रात्री जागण्याचं. हल्ली पूर्ण अल्बम एकदम हातात येत नाही, आधी टीझर, मग एक गाणं, आठवड्यानं दुसरं, आणि शेवटी कधीतरी सगळी मिळून ज्यूकबॉक्स. तुमचे मिस्टर बाराला बसतात त्याचं कारण बहुतेक हेच की त्यांना ते गाणं दुसऱ्या कोणाचं मत कानावर पडायच्या आधी ऐकायचं असतं. सकाळी उठलं की व्हॉट्सअॅपवर शंभर लोकांनी शंभर निकाल लावलेले असतात, रहमान संपला, नाही रहमान परत आला, असं. एकदा ते वाचलं की मग गाणं स्वच्छ ऐकू येत नाही. माझी स्वतःची पद्धत अशी आहे की पहिल्यांदा व्हिडिओ बघायचा नाही, लाईट बंद, नुसतं ऐकायचं, आणि तीनदा ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. रहमानच्या बाबतीत तर हे लागतंच. त्याची चाल पुष्कळदा आपल्याला वाटते तिथे वळत नाही, मुखडा परत येईल म्हणून आपण थांबलेलो आणि तो भलतीकडेच निघालेला, त्यामुळे पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा ते वळण ओळखीचं होतं. तिसऱ्यांदा खालचे थर दिसायला लागतात, डाव्या कानात कुठंतरी लांब एक सारंगी, मागे बायकांचा कोरस, एक घुंगरू जे फक्त एकाच कडव्यात आहे. 2011 मध्ये 'रॉकस्टार' आला तेव्हा त्यातलं एक गाणं मी महिनाभर पुढे ढकलायचो, आवडलंच नव्हतं. मग एका संध्याकाळी वर्ध्याहून बसनं परत येताना, बुटीबोरीच्या अलीकडे, बॅटरी जात आली होती म्हणून ढकलायला मोबाईल काढला नाही आणि ते पूर्ण वाजलं. नागपूर येईपर्यंत तेच लावून बसलो. महिनाभर माझ्याजवळ होतं आणि मी ऐकलंच नव्हतं बाप्पा!

आणि हो, कट्टर म्हणजे सगळंच आवडतं असं नाही. 2025 मध्ये रहमानचं संगीत असलेला 'छावा' आला तेव्हा आमच्याच घरी दोन तट पडले. माझा चुलतभाऊ म्हणे शंभूराजांच्या सिनेमात ढोल-ताशा-हलगीचा दणका पाहिजे होता, हे काऊन असं केलं. मला त्याचं काही अंशी पटलं, दोन जागी मलाही ते संगीत त्या काळापासून लांब गेल्यासारखं वाटलं, मी तसं स्पष्ट बोललो. पण वैशाली सामंतांचा आवाज जिथे उठतो तिथे अंगावर काटा येतो हेही खरं. मग 'चमकीला' बघा, 2024 चा, त्यात दिलजीत आणि परिणीती दोघांनी शूटिंग चालू असतानाच प्रत्यक्ष गायलंय, आधी रेकॉर्ड करून नुसते ओठ हलवलेले नाहीत. हे कळल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, आणि श्वास, दम लागणं, मागची माणसांची गडबड, सगळं वेगळंच ऐकू आलं. जे दुसऱ्याच्या आवडत्या गायकाला नावं ठेवून, शिव्या देऊन आपलं प्रेम दाखवतात त्यांचं मला कधीच पटलं नाही, त्यांनी वाद घालण्यात घालवलेल्या वेळात दोन अल्बम ऐकून झाले असते.

कॉन्सर्टचं मात्र नीट सांगतो कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. नागपूरच्या माणसाला मुंबईचा कॉन्सर्ट म्हणजे घराबाहेर दोन रात्री. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी ठाण्याला उतरायचं, तिथून लोकलनं नेरूळ, डी. वाय. पाटील स्टेडियम, शो झाला की परत तसंच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सहा महिने पैसे बाजूला टाकून स्टेजजवळचं महागडं तिकीट काढलं होतं. आणि आत जाऊन बघतो तर आयोजकांनी आमच्या समोरच स्पीकरचा लोखंडी टॉवर उभा केलेला, अर्धा स्टेज त्याच्या आड. वरून बेसचा दणका इतका की गाणाऱ्याचे शब्द कळेनात. विचारलं तर कोणी दाद दिली नाही. परतीच्या गाडीत मला रडू आलं होतं, खरं सांगतो, पैशापेक्षा सहा महिने जे वाट बघणं झालं होतं त्याचं. तिकीट काढण्याआधी बसायचा नकाशा नीट बघायचा हे मी तेव्हा शिकलो.

पुढच्या वेळी त्याच्या निम्म्या किमतीचं तिकीट काढलं, पार मागे, साउंडवाले जिथे मोठं मिक्सर मांडून बसतात त्या जागेच्या जवळ. हे तुम्हीही लक्षात ठेवा, संगीत ऐकायला जायचं असेल तर ती जागा सगळ्यात भारी, कारण तो साउंड इंजिनिअर स्वतःच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरच सगळे आवाज जुळवत असतो, त्याच्या आसपास बसणाऱ्याला तेच मिळतं. चेहरे लहान दिसतात, त्यासाठी स्क्रीन असतो. तर त्या दिवशी तासभर नाचगाणं, ढोल, लाईटचा झगमगाट झाला आणि मग एकदम सगळं मंद झालं. एक माणूस बासरी घेऊन पुढे आला. स्क्रीनवर त्याचे नुसते हात दिसून राहिले होते, त्यानं बासरी ओठाला लावायच्या आधी अंगठ्यानं ती पुसली, एवढं मला स्पष्ट आठवतं. आणि 'बॉम्बे'ची ती धून सुरू झाली. चाळीसेक हजार माणसं असतील, एक शिट्टी नाही. रेकॉर्डमध्ये एका ठिकाणी सूर थोडा थरथरतो, मला ती जागा पाठ आहे, मी वाट बघत होतो, आणि त्यानं तिथे तो सूर थरथरवला नाही, सरळ लांबवला, लांबवतच नेला. माझ्या शेजारी एक काका होते, साठीचे असतील, त्यांनी माझा हात धरला. ओळख ना पाळख. त्यांनाही ती जागा पाठ होती म्हणजे. आम्ही नंतर एकमेकांचं नाव पण विचारलं नाही.

हे मोबाईलवर मिळत नाही ताई. मोबाईलवर तो सूर दरवेळी तसाच थरथरणार.

पैशाचं म्हणाल तर दरवेळी मुंबईच गाठावी लागते असंही नाही. हिवाळ्यात आमच्या नागपुरात ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव असतो, मोठमोठे गायक येतात, पास मिळवला की झालं, फक्त स्वेटर घालून लवकर जागा धरायची. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात शास्त्रीय मैफली होतात, आणि तिथे बसल्यावर मला नेहमी आठवतं की वसंतराव नागपुरातच लहानाचे मोठे झाले, शंकरराव सप्रेंकडे इथेच शिकले, म्हणजे ज्या रस्त्यानं मी मैफलीला येतो त्याच गावात तो आवाज तयार झाला. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, तिथे जुन्या गाण्यांचे ऑर्केस्ट्रा चालू असतात आणि त्यात वाजवणारी कितीतरी मंडळी इथलीच असतात, दिवसा नोकरी आणि रात्री कीबोर्ड. मी त्यांना पण तेवढ्याच आदरानं ऐकतो. आणि फुटाळा तलावावरच्या म्युझिकल फाउंटनसाठी रहमाननं संगीत दिलंय हे कळलं तेव्हा ट्रायलच्या शोला मी आईला घेऊन गेलो होतो. गर्दीत आम्हाला बसायला मिळालं नाही, आई सत्तरीची, पण पूर्ण वेळ उभी राहून ऐकलं तिनं, आणि परत येताना म्हणाली, हाच का तो स्कूटरवरच्या कॅसेटवाला.

तर माझं म्हणणं, तुम्ही जा त्यांच्यासोबत. जायच्या आधी घरी एका रात्री त्यांना म्हणा की मला फक्त एकच गाणं ऐकव, तुझं सगळ्यात जवळचं, आणि त्यात मी काय ऐकायचं तेही सांग. ते सांगतील, फार सांगतील, थोडं थांबवावं लागेल. पण मग तेच गाणं स्टेजवर आलं की तुमच्याकडे वाट बघायला काहीतरी असेल, तुम्हालाही कळेल इथे आता बासरी येणार, इथे कोरस उचलणार. समजा ते गाणं आलंच नाही तर त्यांचा चेहरा बघा, तेव्हा काही बोलू नका.

बाकी काही बारीकसारीक. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी असते त्यामुळे शेवटची गाणी घाईत होऊ शकतात, उशिरा पोहोचून उपयोग नाही, गेट उघडतं तेव्हाच जा. सपाट चपला-बूट घाला, तीन-चार तास उभं राहणं होतं. मोठी पर्स पुष्कळदा आत नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली तर नाहीच, त्यामुळे बाहेरच पोटभर पाणी पिऊन आणि काहीतरी खाऊन घ्या. सगळे एकदम बाहेर पडले की नेटवर्क जातं, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवून ठेवा. आणि ते गाण्याचा व्हिडिओ काढायला लागले तर एका गाण्यापुरता काढू द्या, मग त्यांच्या हातातून फोन घेऊन तुमच्या पर्समध्ये ठेवा.