'फाँटेन्स डी.सी.' या आयरिश रॉक बँडच्या नावातलं 'डी.सी.' म्हणजे वॉशिंग्टन का?

नाही हो, 'डब्लिन सिटी'! लॉस एंजेलिसमध्ये आधीच एक 'फाँटेन्स' बँड होता, म्हणून यांनी आपल्या शहराचं नाव शेपटीला जोडलं. 'फाँटेन' आलं 'द गॉडफादर'मधल्या गायकावरून.

पाचही जण डब्लिनच्या संगीत महाविद्यालयात भेटले आणि जमलं ते आधी कवितेवरून. २०१९ च्या पहिल्या अल्बमचं नाव 'डॉगरेल', म्हणजे रांगडी, ओबडधोबड तुकबंदी. बँडचा गायक ग्रिअन चॅटन गातो कमी, ठासून बोलतो जास्त, तेही अस्सल डब्लिनी हेल काढून. 'बॉइज इन द बेटर लँड'मधला इंग्रजांवर खार खाणारा टॅक्सीवाला ऐका, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

गंमत म्हणजे डब्लिन सोडून लंडनला गेल्यावर आयर्लंड त्यांच्या गाण्यांत आणखी खोल उतरलं. 'स्किंटी फिया' (२०२२) या अल्बममधलं पहिलं गाणं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका आयरिश कुटुंबावर आहे. आईच्या थडग्यावर आयरिश भाषेतली ओळ कोरायला चर्चच्या न्यायालयाने आधी मनाई केली होती. इंग्रजी भाषांतराशिवाय ती राजकीय वाटेल म्हणे! माझ्या मते त्यांचं सर्वांत चांगलं गाणं तेच. सुरुवात मात्र 'डॉगरेल'पासूनच करा.