थायलंडमधल्या को मूक बेटावरच्या एमराल्ड केव्हमध्ये पोहत जायचंय, पोहणं जेमतेम येतं. वेळ कशी ठरवावी, काय काळजी घ्यावी?

पोहण्याची काळजी दुसऱ्या नंबरावर ठेवा. आधी ओहोटी बघा. गुहेत पोहून पार करायचा बोगदा सुमारे 80 मीटरचा आहे. लाइफ जॅकेट घालून सावकाश हातपाय मारले तरी पाच-दहा मिनिटांत पार होतो. पण भरतीला त्याचं तोंड जवळजवळ पाण्याखाली जातं, आणि मग पट्टीच्या पोहणाऱ्यानेही तिकडे जाऊ नये.

थायलंडच्या या अंदमान किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. तारीख अजून हातात असेल तर सरळ कॅलेंडरातली तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास इथे भरती भर दुपारच्या आगेमागे येते, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळकडे. शिवाय ते उधाणाचे दिवस, म्हणजे नेमकी सहलीच्या वेळी गुहा भरलेली. सप्तमी ते दशमीच्या दरम्यान ओहोटी सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत सापडते आणि भांगामुळे (भांग म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस, उधाणाच्या उलट) पाण्याला ओढही कमी असते. त्यात तोटा एवढाच की भांगाच्या ओहोटीला पाणी फार खाली जात नाही, छताखालची जागा थोडी कमी मिळते. हा झाला ढोबळ हिशेब. नक्की वेळ को मूक किंवा जवळच्या कांतांग बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या आणि आदल्या संध्याकाळी नाववाल्याला विचारून पक्की करा. नाववाला नको म्हणाला तर वाद घालू नका, त्या तोंडाशी तो रोज जातो.

ओहोटीच्या तासभर आधी आत शिरायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात बाहेर पडायचं. यामागचं गणित असं: भरतीच्या सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक 1, 2, 3, 3, 2, 1 भाग चढतात. चढ अडीच मीटर धरला तर पहिल्या तासात जेमतेम 20 सेंटिमीटर, पण तिसऱ्या एका तासात साठाच्या वर. आत फोटो काढत बसलेले लोक फसतात ते याच तिसऱ्या तासात. आत अडकलात तर घाबरून पोहत सुटू नका, पाणी पुन्हा उतरेपर्यंत बोगद्यापलीकडच्या वाळूवर वरच्या बाजूला थांबा. चार-सहा तास जातील, पण धोका नाही.

ओहोटीइतकीच लाट महत्त्वाची. गुहेचं तोंड बेटाच्या पश्चिम अंगाला, उघड्या समुद्राकडे आहे. नाव थांबली की लगेच उडी न मारता चार-पाच मिनिटं तोंडाकडे बघत राहा. लाट चढल्यावरही छत आणि पाणी यांच्यात हातभर मोकळी जागा राहत नसेल तर जाऊ नका. मे ते ऑक्टोबर पावसाळी वारा थेट याच बाजूवर येतो, त्यामुळे त्या दिवसांत मी हा बेतच धरणार नाही; काही काळ गुहा बंदही ठेवतात. नोव्हेंबर ते एप्रिल ठीक.

आता पोहणं. जॅकेटचे सगळे पट्टे आवळा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकून हनुवटीला लागतं, मान वळत नाही, आणि नवख्या माणसाचा श्वास तिथेच बिघडतो. खांदे धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर सैल आहे. सुरुवातीला मागून येणाऱ्या उजेडाने पाणी हिरवं दिसतं (ऊन पाण्यातून आत शिरतं त्याचा हा रंग, म्हणून ढगाळ दिवशी फिका). पुढे बोगदा वळतो आणि मधल्या टप्प्यात हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. वॉटरप्रूफ हेडलॅम्प हवाच, मोबाइलचा टॉर्च नव्हे, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. एक हात पुढे ठेवा, खडक आधी त्याला लागू दे. पायात पाण्यातले बूट घाला. खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांनी तळवा चिरतो. सहलीचे गट एकमेकांची जॅकेटं धरून साखळी करतात. जेमतेम पोहणाऱ्याला ती सोयीची, फक्त समोरच्याच्या लाथेपासून तोंड जपा. समोरून दुसरा गट आला तर भिंतीकडे सरका आणि त्यांना जाऊ द्या. अंधाराची किंवा कोंडल्या जागेची भीती असेल तर रांगेच्या मध्ये राहा, शेवटी नको.

पलीकडे छत कोसळून तयार झालेली मोकळी जागा आहे: चहूबाजूंनी चुनखडीचे उभे कडे, मधे छोटासा वाळूचा किनारा. तिथे दुकान नाही, स्वच्छतागृह नाही. अर्धा तास पुरतो.

गर्दी टाळायची तर को मूकवरच मुक्काम करा. मुख्य भूमीवरच्या त्रांग शहरातून क्वान तुंग कू धक्क्यावर यायचं, तिथून नावेने अर्धा तास. बेटावरून लाँगटेल (तिथली लांबट लाकडी मोटरनाव) स्वतंत्र ठरवली की वेळ ओहोटीप्रमाणे ठेवता येते. को लांता बेटाहून येणाऱ्या चार बेटांच्या सहली मात्र घड्याळावर चालतात आणि सगळ्या एकदमच तोंडाशी येतात. फरांग बीचवरून कयाकनेही जाता येतं, पण परतताना वारा समोरून असेल तर हात भरून येतात.

गुहा हात चाओ माई राष्ट्रीय उद्यानात येते, प्रवेशशुल्कासाठी रोख बाथ जवळ ठेवा. आणि सनस्क्रीनची बाटली उलटून घटक वाचा: ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन 2021 पासून थाई राष्ट्रीय उद्यानांत चालत नाही, दंड एक लाख बाथपर्यंत आहे. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घातलात तर ती कटकटही नाही, आणि खडकाला खांदा घासला तरी सोलत नाही.