भाषाविज्ञान शिकायला निघालेल्या मुलीस

बाळ, अनेक आशीर्वाद.

पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकायला निघण्याआधीच तुला हा प्रश्न पडला, याचा मला फार आनंद झाला. माणसाच्या भाषेत असं काय आहे, जे पाखरांच्या हाकांत आणि माकडांच्या आवाजांत नाही? ‘आपल्याला बोलता येतं, जनावरांना येत नाही’ हे उत्तर आधी मनातून काढून टाक. जनावरं एकमेकांना पुष्कळ काही सांगतात.

आपल्या खानापूरच्या रानातली मधमाशीच घे. फुलोरा सापडलेली माशी पोळ्यावर येऊन थरथरत नाचते. त्या नाचाचा उभ्या रेषेशी होणारा कोन बाकीच्या माश्यांना सूर्याच्या हिशेबानं दिशा सांगतो आणि थरथर किती वेळ चालली त्यावरून अंतर कळतं. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं आणि 1973 साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे डोळ्यांआडचं सांगणं माशीलाही जमतं. पण याच फ्रिशनी एकदा पोळं मनोऱ्याच्या पायथ्याशी आणि खाद्य माथ्यावर ठेवलं. माश्या नाचल्या, पण बाकीच्या खालीच चहूकडे शोधत राहिल्या, कारण त्या नाचात ‘वर’ सांगायची सोयच नाही. ‘काल तिथं फुलं होती, आज नाहीत’ हेही माशीला सांगता येणार नाही. आफ्रिकेतली व्हर्वेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळ्या हाका देतात, हे 1980 साली दाखवून दिलं गेलं. पण ‘बिबट्या गेला, आता उतरा’ अशी हाक त्यांच्यापाशी नाही.

म्हणून तू शब्द मोजू नकोस, जोडणी बघ. निम नावाच्या चिंपांझीला हातांच्या खुणा शिकवल्या होत्या. हर्बर्ट टेरेस यांनी 1979 साली त्याच्या नोंदी तपासून मांडल्या. त्यातली सगळ्यात लांब ओळ सोळा खुणांची होती : दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू. ओळ लांबली, अर्थ होता तिथंच राहिला. आता शेजारचं तीन वर्षांचं पोर ऐक. ते ‘मी करलं’ म्हणतं. घरात असं कुणीच बोलत नाही, मग आणलं कुठून? ‘बसलं’, ‘उठलं’ ऐकून त्यानं नियम काढला आणि ‘कर’ला लावला. मोठी माणसं हसतात आणि ‘केलं म्हण’ सांगतात. तू हसू नकोस, लिहून ठेव.

या बाबतीत निकाराग्वातल्या मुलांइतकं मला दुसऱ्या कशानंच थक्क केलेलं नाही. 1977 पासून तिथल्या राजधानीत, मानाग्वामध्ये, कर्णबधिर मुलांची शाळा भरू लागली. शिक्षक मुलांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवण्यासाठी धडपडत होते, पण मुलांनी मैदानात आणि बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून स्वतःची भाषा उभी केली. पुढं ॲन सेन्घास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना एक कार्टून दाखवलं. त्यात मांजर उतारावरून गडगडत खाली येतं. आधीच्या तुकडीतल्या बहुतेकांनी गडगडणं आणि खाली येणं एकाच हालचालीत दाखवलं, आपण हातवारे करताना दाखवतो तसंच. नंतर आलेल्या लहानग्यांनी त्याचे दोन तुकडे केले, आधी ‘गडगडणं’, मग ‘खाली येणं’. जे दृश्य एकसंध दिसतं ते त्यांनी फोडलं आणि क्रमानं मांडलं. एकदा तुकडे सुटे झाले की ते दुसऱ्या कशालाही जोडता येतात. ‘नाही’, ‘जर’, ‘उद्या’ हे सगळं या जोडण्यातूनच शक्य होतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पाखरांचे अभ्यासक सुझुकी यांनी जपानमधल्या एका चिमुकल्या पाखरात दोन हाकांचा क्रम महत्त्वाचा असतो, असं दाखवलं आहे. त्यामुळं माणूस आणि जनावर यांच्यामधली रेघ फार ठळक ओढू नकोस. पण अशा दोन हाकांपासून आपल्या आज्जीच्या गोष्टीपर्यंतचं अंतर मोठं आहे, आणि ते मान्य करायला मी कचरत नाही.

आता आपल्या भागाचं. बेळगावची मुलं म्हणून आपल्या मराठीला ‘अशुद्ध’ म्हणणारे तुला पुण्यात भेटतील. तेव्हा कुपवाड आठव. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावावर गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी 1971 साली लेख लिहिला. पिढ्यान्‌पिढ्या मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी नांदल्या, तेव्हा शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची घडण इतकी सारखी झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दागणिक दुसरीत ठेवता यावं. आपल्याकडेही तसंच दिसतं. तू ‘करायलालोय’ म्हणतेस, कन्नडभाषक शेजारी ‘माडाकत्तीनि’ म्हणतात. दोन्हीकडे क्रियापदाला ‘लागणं’ जोडून चालू काम दाखवलेलं आहे. सीमेवर फलकांच्या लिपीवरून माणसं भांडतात, आणि त्याच बाजारात तीच माणसं एका सांगाड्यावर दोन भाषा बोलतात. मला हे फार मोलाचं वाटतं आणि ते नोंदलं जावं अशी माझी इच्छा आहे.

जाण्याआधी सुट्टीत एवढं कर. निपाणी, खानापूर, चिकोडी यांपैकी एक गाव निवड. दोन्ही भाषा घरातल्यासारख्या बोलणाऱ्या एखाद्या वयस्कर बाईला विचार आणि तिची परवानगी घेऊन एकच गोष्ट दोन्ही भाषांत सांगायला लाव. मोबाईलवर रेकॉर्ड कर. वय, गाव, माहेर कुठलं, कुणाशी कुठली भाषा बोलते, हे त्याच दिवशी वहीत टाक. ऐकून लिहिताना एकही रूप सुधारू नकोस. ‘करायलालोय’ला ‘करतोय’ केलंस तर मेहनत वाया गेली. ‘नाही’ आणि ‘जर’ असलेली वाक्यं वेगळी काढ आणि दोन्ही भाषांतली समोरासमोर मांड. कन्नड लिहिण्यात अडखळलीस तर मला दाखव, आपण दोघं बसून लिहू.

तुझे सर