वाचकांचे प्रश्न : जूनमधे लावलं, एप्रिलमधे वाळलं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की बागकामाची, निसर्गाची कार्यशाळा घ्यायची असेल तर काय वाटेल ते विचारा. मग काय, पत्रं आली, मेसेज आले, एका दादांनी तर व्हॉइस नोट पाठवली सात मिनिटांची. बहुतेकांना हॉल कुठला, पाहुणे कोण, सर्टिफिकेट द्यायचं का हेच विचारायचं होतं. झाडाचं पुढं काय झालं हे फार थोड्यांनी विचारलंय, म्हणून त्यांचा नंबर आधी.

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या कॉलनीत तीन वर्षं झाली दर जूनला कार्यशाळा घेतो. माती कशी भरायची दाखवतो, रोपं वाटतो, फोटो पण भारी येतात. पण पुढच्या जूनला परत तेच लोक आणि परत नवीन रोपं. मागच्या वेळी 60 रोपं दिली होती, आता विचारलं तर पाच-सहा जिवंत. आमचं चुकतंय कुठं?
— महिला मंडळातली एक ताई, जळगाव

ताई, कार्यशाळा जूनला घेता हीच तर गोम आहे. मिरगाचा पाऊस पडला की कुणाचंही झाड जगतं, कुंपणाला काडी खोचली तरी तिला पालवी येते, त्यात आपण काय शिकवणार? आपल्याकडे झाड मरतं ते होळीनंतर. मार्च संपेस्तोवर पारा चाळीशी गाठतो, मे मधे 44-45, गच्चीची फरशी रात्री दहालाही पायाला चटके देते, कुंडी बाहेरून तापते आणि आतली मुळं अक्षरशः शिजतात. आणि नेमकं त्याच वेळी शिकवायला कुणीच नसतं, कारण आपला कार्यक्रम जूनमधेच संपलेला, बॅनर घडी करून कपाटात.

मी पण सुरुवातीची चार वर्षं हेच केलंय, त्यामुळे तुम्हाला नावं ठेवायला माझं तोंड नाही. एकदा एप्रिलमधे एका काकूंच्या गच्चीवर गेले तर मीच दिलेली कुंडी, माती अशी आकसलेली की कडेनं चांगली बोटभर फट, काकू रोज दोन तांबे पाणी घालायच्या आणि ते पाणी त्या फटीतून सरळ खाली, भोकातून बाहेर, मुळाला थेंब नाही. काकू म्हणे, पाणी तर रोज घालते गं माय. आणि ती काळी माती मीच वावरातून आणून दिलेली, मोठ्या तोऱ्यात, की बघा आपली कपाशीची माती! काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, वावरात त्या भेगा चालतात, कुंडीत नाही चालत. तेव्हापासून मी एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती आणि दोन भाग चांगलं मुरलेलं शेणखत किंवा पाल्याचं खत असं घेते. आणि फट पडलीच असेल तर वरून पाणी ओतत बसू नका, अख्खी कुंडी पाण्याच्या टबात बुडवायची आणि बुडबुडे थांबले की काढायची.

आता कार्यक्रमाचं. जूनचा ठेवा पण तो छोटा करा. रोपं मात्र वांग्याची द्या, भरताच्या वांग्याची. मोगरा-गुलाब वाटून बघितलंय मी, त्याला माणूस टिकत नाही, वांग्याला टिकतो. मग हिवाळ्यात दुसरी भेट भरीत पार्टीच्या निमित्तानं. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवा, कळण्याची भाकरी करा, फक्त अट एकच, प्रत्येकानं आपल्या कुंडीतलं निदान एक वांगं आणायचं, म्हणजे कुणाचं झाड गेलं ते आपोआप कळतं, हजेरी घ्यायला नको. आणि तिसरी भेट, जी खरी कार्यशाळा, ती होळी ते आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मधे, कुणाच्या तरी गच्चीवर, दुपारी चारला. हो चारलाच, लोक कुरकुर करतील, करू द्या. मातीत दोन बोटं खुपसून ओल कशी बघायची, 50 टक्के सावली देणारी हिरवी नेट कुठल्या बाजूनं बांधायची (पश्चिमेकडून पण, नुसती वरून नाही), कुंड्या एकमेकीला चिकटवून का ठेवायच्या, हे सगळं एसी हॉलमधे स्लाईड दाखवून कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

त्याच दिवशी मातीवर आच्छादन घालायला लावा. रावेर-यावलकडून कुणी येणार असेल तर केळीची वाळकी पानं मागवा, पोतंभर सहज मिळतील. जळगावच्या केळीला 2016 मधे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण तिच्या पानाला अजून कुणी विचारत नाही.

आणि घागर. आखाजीला पूजेची घागर आणतो ना आपण, नंतर ती बऱ्याच घरात पडूनच असते. मोठ्या कुंडीत किंवा अंगणातल्या झाडाशेजारी ती गळ्यापर्यंत पुरायची, पाणी भरायचं, वर झाकण. मातीचं भांडं पाझरतं, मुळं ओलीकडे येतात, मधे दोन-तीन दिवस गावाला गेलात तरी चालतं. रंग दिलेली घागर नको, रंगानं छिद्रं बंद होतात. जुना माठ वापरायचा असेल तर आधी तपासा, आपल्या बोरिंगच्या क्षाराच्या पाण्यानं त्याची छिद्रं बुजलेली असतात. ज्या माठात पाणी गार होत नाही तो मातीत पुरला तरी पाझरणार नाही, कारण एकच आहे. भरून ठेवा, तासाभरात बाहेरून ओलसर लागला तर घ्या.

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पर्यावरण दिनाला रॅली, निबंध, घोषवाक्य सगळं होतं. मुलांना एकदा जंगलात नेलं तर नुसता आरडाओरडा, एक पक्षी दिसला नाही. मुलांना निसर्ग दाखवायचा कसा?
— एक गुरुजी, यावल तालुका

सर, सुप्रीम कोर्टानं 1991 मधेच सांगितलं होतं की पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीनं शिकवा. सक्ती आली, त्यासोबत प्रोजेक्टची फाईल आली, आणि ती फाईल स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळायला लागली. असो.

जंगल नंतर, आधी शाळेतला कढीपत्ता. नसेल तर लावा, लिंबू पण चालेल. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहितरी दिसेल, काळपट-पांढरं, ती अळी असते, लिंबाच्या फुलपाखराची. पोरं म्हणतील घाण आहे सर, काढून टाकू. नाही काढायचं. आठवड्याभरात ती कात टाकून हिरवीगार होते, मग एखाद्या धीट पोराला म्हणा काडीनं हळूच डोक्यामागं टोचून बघ, लगेच दोन लालसर शिंगं बाहेर येतात आणि असा उग्र वास सुटतो की पोरगं दोन पावलं मागं. ते एकदा झालं की बघा, दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग शाळा भरायच्या आधी कढीपत्त्यापाशी उभा असतो. मग कोष होतो, आठ-दहा दिवसात फुलपाखरू. पानं खाल्ली जातात म्हणून स्वयंपाकवाल्या मावशी ओरडतील, त्यांना आधी सांगून ठेवा.

आणि सर, तुम्ही यावलचे आहात, तुमच्या दारात तर जगात भारी गोष्ट आहे. रानपिंगळा, रानातलं छोटंसं घुबड. 1884 नंतर तो कुणाला खात्रीनं सापडलाच नव्हता, संपला असंच धरून चालले होते, आणि 1997 च्या नोव्हेंबरमधे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो परत दिसला, कुठं तर आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात. 113 वर्षांनी! यावल अभयारण्यातही तो आहे. पण मुलांना "चला रानपिंगळा दाखवतो" असं सांगून नेऊ नका, दिसला नाही की पोरं हिरमुसतात. आधी शाळेमागच्या वडा-पिंपळातला साधा पिंगळा बघू द्या, त्याच्या डोक्यावर-पाठीवर पांढरे ठिपके मोजू द्या. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्याची, आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो. एवढा फरक पाठ झाला की मग वनविभागाची परवानगी काढून, एका वेळी दहा-बाराच मुलं घेऊन जा. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, आणि घरटं दिसलंच तर जागा ग्रुपवर टाकायची नाही, अगदी सरपंचांनी विचारलं तरी.

प्रश्न : आमचा तरुण मंडळाचा ग्रुप आहे, आम्ही शाळांमधे सीडबॉलची कार्यशाळा घेऊन दहा हजार गोळे लळिंगच्या डोंगरावर टाकणार आहोत. कोणत्या बिया घ्याव्यात?
— एक वाचक, धुळे

अरे भो, आधी दहाच टाकून बघा ना. राग नका मानू पण सीडबॉल, म्हणजे मातीच्या गोळ्यात बी घालून टाकायचा हा प्रकार, चिखलात हात घालायला मजेचा आहे, झाडं उगवायला तितका नाही. निंबाची बी काही आठवड्यातच मरायला लागते, आणि गोळे तुम्ही बनवणार जानेवारीत गॅदरिंगला. बाभूळ आणि बहावा यांची साल इतकी टणक की गरम पाण्यात भिजवल्याशिवाय किंवा खरवडल्याशिवाय लवकर फुटत नाही, बाभळीचं ते काम शेळी जास्त चांगलं करते, शेंगा खाते आणि बिया पुढं पेरत जाते. बाकी मुंग्या, उंदीर, खडक, आणि कोंब आलाच तर परत तीच शेळी.

आणि डोंगरावर जिथं नुसतं गवत दिसतं ती जागा रिकामी नसते. कुरण हे कुरण असतं, तिथं तित्तर असतो, ससा असतो, मेंढपाळाची सोय असते, सगळीकडे झाडच पाहिजे असं कुणी सांगितलं? तरी करायचंच असेल तर वनविभागाला विचारून एक छोटा तुकडा घ्या, पळस, अंजन, खैर अशा तिथल्याच बिया त्याच पावसाळ्यात घ्या, 20 ठिकाणी दगड रचून खूण करा आणि पोळ्याला एकदा, होळीला एकदा जाऊन मोजा. जो आकडा येईल तो स्टेटसला टाका. ग्लिरिसिडिया नको, रोडच्या डिव्हायडरवर दिसतो तो कोनोकार्पस तर अजिबात नको, गुजरातनं 2023 मधे त्याच्यावर बंदीच घातलीय.

प्रश्न : आमच्या बचत गटाला शहरातल्या लोकांसाठी रानभाज्यांची कार्यशाळा घ्यायची आहे. गर्दी होईल का, आणि काही काळजी?
— बचत गटातल्या ताई, साक्री

गर्दीची काळजी सोडा, ती होईलच, तुमच्याच तालुक्यात बारीपाडा गाव आहे ना. तिथल्या लोकांनी आधी आपलं जंगल राखलं, मग त्या जंगलातल्या भाज्यांची स्पर्धा सुरू केली, त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मधे पद्मश्री मिळालं. एक दिवस जाऊन बघून या, पाककृतीपेक्षा तिथलं रान बघा.

काळजी दोन. एक, ओळख पटवायला गावातल्या आजीच पाहिजेत, मोबाईलमधला फोटो नको. पावसाळ्यात कळलावी फुलते, दिसायला इतकी देखणी की बघत राहावं, पण कंदापासून बीपर्यंत सगळी विषारी. आलेल्या लोकांना खायच्या भाज्यांच्या आधी ही दाखवा. आणि आजींना मानधन द्या, नुसता नारळ-शाल नको, त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडते. दुसरं, कोवळी पानं खुडायची, वेल उपटायचा नाही. करटुल्याचा कंद जमिनीत राहिला तरच पुढच्या पावसात वेल येतो. शहरातले लोक हमखास तो कंद मागतात कुंडीत लावायला, त्यांना सांगा की त्याचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, एकटा नेलात तर नुसता वेल बघत बसाल. एवढं ऐकून अर्धे तिथंच माघार घेतात.

प्रश्न : कार्यशाळेत शिकून गांडूळखताचा बेड केला, मे मधे सगळी गांडूळं मेली. पैसे वाया गेले.
— एक वाचक, भुसावळ

पत्र्याखाली होता ना बेड? माझाही होता. खताची गांडूळं 35 अंशाच्या वर तग धरत नाहीत, आणि भुसावळचा मे म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगू. झाडाच्या सावलीत बेड करा, वर ओलं गोणपाट, आणि मार्चपासून ओला कचरा एकदम जास्त टाकू नका, तो कुजताना स्वतःच तापतो. एवढं नसेल जमत तर उन्हाळ्यात गांडुळांचा नाद सोडा, साधा खड्डा करा, ओल्याच्या दुप्पट वाळका पाला टाका.

प्रश्न : कार्यशाळेला फी ठेवावी का? फुकट ठेवली की लोक किंमत करत नाहीत, फी ठेवली की येत नाहीत.
— एक दादा, अमळनेर

दादा, मी डिपॉझिट घेते. जूनमधे रोपासोबत शंभर रुपये, मे मधे रोप जिवंत दाखवलं की शंभर परत. उरलेल्या पैशात पुढच्या वर्षीची नेट येते. नियम कडक ठेवा, फोटो चालणार नाही, कुंडी घेऊन यायची.

मागच्या मे मधे एक आजोबा रिक्षातून कुंडी घेऊन आले, तिच्यात नुसती वाळकी काडी, पान एक नाही. मी म्हटलं बाबा, हे तर गेलं. ते म्हणे, खाली नखानं खरवड बरं. खरवडलं तर मातीलगत सालीखाली बारीकशी हिरवी रेघ. आजूबाजूचे सगळे वाकून बघायला लागले. शंभर रुपये दिले मुकाट्यानं, आणि त्यातलेच साठ त्यांनी रिक्षावाल्याला दिले.